गोजराबाईचा निळा दगड

एका गावात एक बाई होती. तिच्या घरात चिंध्यांची गाठोडी इतकी, की पाहुण्याला बसायचं तर आधी कुणाचं तरी लुगडं बाजूला सारावं लागे. बाईचं नाव गोजराबाई. ती गोधड्या शिवायची.

आता गोधड्या काय, गावातल्या निम्म्या बाया शिवतात. पण गोजराबाईची गोधडी निराळी. तिच्या दोन गोधड्या कधी एकसारख्या झाल्या नाहीत. म्हणून गावात रिवाजच पडला होता. घरात मूल जन्मलं की बारशाला पाळण्यात अंथरायची गोधडी गोजराबाईच्या हातची. त्या घरची जुनेरं तिच्याकडे यायची. आजीचं लुगडं, बापाचं धोतर, आत्याचा विटका परकर. गोजराबाई गाठोडं सोडायची आणि नुसती बघत बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, बाईला झोप लागली. मग ती एकदम कात्री उचलायची. कुणाच्या गोधडीत भाताचं खाचर यायचं, कुणाच्या गोधडीत तळ्यावरचे बगळे. एका पैलवानाच्या नातवाच्या गोधडीत तर तिने कुस्ती खेळणारी दोन मांजरं काढली होती.

रिवाजाला दोन नियम होते. पहिला असा की, बाळ जन्मायच्या आधी त्याच्या गोधडीत सुई घालायची नाही. दुसरा असा की, गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिच्या पोटात भाकरीचा एक तुकडा ठेवायचा. त्याला घास म्हणत. जी गोधडी स्वतः जेवली, तिच्यावर निजणारं मूल कधी उपाशी राहत नाही, असं गाव मानायचं.

गोजराबाईने जन्मभर दोन्ही नियम पाळले. मोडला तो एकदाच, आणि तोही मायेपोटी.

तिची एकुलती एक लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आजी होणार या आनंदात गोजराबाईला धीर निघेना. लेकीच्या लहानपणीच्या परकरांतून तिने गुपचूप गोधडी शिवायला घेतली. भांडणाऱ्या चिमण्यांची गोधडी. शेवटचा कोपरा मात्र तिने उघडा ठेवला. कोपरा उघडा म्हणजे गोधडी पुरी झालीच नाही, मग नियम मोडला कसा? नियम मोडताना माणूस असा एखादा कोपरा उघडा ठेवतोच.

मुलगी जन्मली, पण रडली नाही. सुइणीने तिला पालथी घातली, पाठ चोळली, तरी रडली नाही. हौसा बाळंतिणीच्या खोलीतून रिकाम्या ओटीने बाहेर आली आणि काही दिवसांनी सासरी गेली. गोजराबाईने ती गोधडी पेटीच्या तळाशी घातली. त्या गोधडीबद्दल ती कुणाशी बोलली नाही, लेकीशीही नाही.

त्यानंतर तिच्या हातांना काही सुचेना. जुनेरं यायची, ती बघत बसायची, आणि कापडं नुसती कापडंच राहायची. मग ती चौकोनाला चौकोन जोडायची आणि वरून सरळ धावदोरा घालायची. गोधडी ऊबदार व्हायची, पण तिच्यात काही दिसायचं नाही. गावाने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. कधी कधी गावही शहाण्यासारखं वागतं.

असं वर्ष गेलं. मग एक दिवस देवळाच्या ओवरीत मणीमाई येऊन उतरली.

मणीमाईचा नवरा हयात असताना विहिरी खणायचा. काळ्या कातळाच्या पोटात कधी कधी पोकळी लागते आणि त्या पोकळीत रंगीत स्फटिक उगवलेले असतात. खणणारे त्यांना गारगोट्या म्हणून फेकून देत. मणीमाई ते वेचून ठेवी. पुढे एका गोसाव्याने तिला सांगितलं, की माणसाच्या अंगात खालपासून वरपर्यंत सात चक्रं असतात. एखादं अडलं की माणूस अडतो. त्या त्या जागी त्या त्या रंगाचा खडा ठेवून स्वस्थ पडावं. तेव्हापासून सात खडे कापडी पिशवीत घालून ती गावोगाव फिरे. मोबदल्यात भाकरी-कालवण घेई. ती लबाड नव्हती, आणि कुणी मोठी सिद्ध बाईही नव्हती. तिला लोकांजवळ बसायला आवडायचं, एवढं खरं.

गोजराबाई तिच्याकडे गेली ती हौसाला पुन्हा दिवस गेल्याचा निरोप आला म्हणून. लेक याही खेपेला माहेरीच येणार होती. आणि नातवंडालाही चौकोनांचीच गोधडी घालायची, हे गोजराबाईला सोसवेना.

ती म्हणाली, "माई, मला तो नारिंगी खडा ठेव. बेंबीखालचा. त्यानं नवंनवं सुचतं म्हणत्यात."

"समदे येऊन नारिंगीच मागत्यात," मणीमाई हसली. "मोट वर येईना, तर नुसतं पाण्याकडं बघून काय हुतंय? दोर कुठं अडलाय ते बघाय लागतं. पड घोंगडीवर. सातीबी ठेवू."

गोजराबाई उताणी पडली. मणीमाईने लाल खडा कमरेच्या तळाशी ठेवला, नारिंगी बेंबीखाली, पिवळा बेंबीवर, हिरवा छातीवर. ते सगळे मुकाट्याने राहिले. निळा गळ्यावर ठेवला, तर तो घसरून पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. गोजराबाई सारखा आवंढा गिळत होती. गळा हलला की खडा गडगडायचा.

"हितं काय कोंबून ठेवलंयस गं?" मणीमाईने विचारलं.

गोजराबाईने डोळे मिटले. मग म्हणाली, "म्या गोधडी आधी शिवली, माई. म्हणून माझी नात गेली."

मणीमाईने वाद घातला नाही. असं काही नसतं, असंही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "हे कुणापाशी बोलली हुतीस?"

"न्हाई."

"लेकीपाशी?"

"तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

मग गोजराबाई रडली. घोंगडी भिजेपर्यंत रडली. रडणं ओसरल्यावर मणीमाईने निळा खडा उचलून पुन्हा तिच्या गळ्यावर ठेवला. आता तो राहिला.

निघताना मणीमाईने तो तिच्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. पर ध्येनात ठेव, ह्यो माझा न्हाई आन् तुझाबी न्हाई. ज्याचा गळा दाटलाय, त्याचा." उरलेले सहा खडे पिशवीत टाकून ती पुढच्या गावाला गेली.

गोजराबाई रोज सकाळी निळा दगड गळ्यावर ठेवून पडू लागली. हलायचं नाही, बोलायचं नाही, दगड पडू द्यायचा नाही. घरातली कामं थोडा वेळ दाराबाहेर थांबायची. आणि काय सांगावं, तिचे हात खरंच सैल झाले. कुंभाराच्या नातवासाठी तिने मडकी वाहणारी गाढवं शिवली. त्यातल्या एका गाढवाने मडकं फोडलं होतं आणि ते साळसूदपणे दुसरीकडे बघत होतं. कुंभार ती गोधडी घरोघर दाखवत फिरला.

मग काय, गाव ते गावच! ओढ्यातल्या गारगोट्या एकाएकी महाग झाल्या. कुणी कपाळावर खडा बांधून दळायला बसली, कुणी पोळ्या गोल व्हाव्यात म्हणून खडा पोळपाटाखाली ठेवला. एकीने तर नवऱ्याचं घोरणं थांबावं म्हणून तो निजलेला असताना त्याच्या नाकावर दगड ठेवला. तो शिंकला आणि दगड दिव्यावर जाऊन पडला.

गोजराबाईला मात्र आता त्या दगडाची धास्ती बसली. तो हरवला तर? फुटला तर? शेजारची धोंडाई एकदा आली. तिची धाकटी सून सासरी आल्यापासून घुमी झाली होती, कुणाशी बोलत नव्हती. "चार दिस तुझा दगड दे की गं," धोंडाई म्हणाली. गोजराबाईने दगड कनवटीला खोचलेला होता. तिने तोंड वर करून सांगितलं, "हरवला." धोंडाई गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण गोधडी व्हायची होती, आणि दगडाशिवाय ती होणार नाही, अशी तिची खात्री होती.

हौसा आली. दिवस भरले. मुलगी झाली, आणि या खेपेला अशी रडली की सुईणसुद्धा हसली. गोजराबाईने देवापुढे साखर ठेवली.

पण हौसा हसली नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं. गोजराबाई बाळाला तिच्या छातीशी धरायची तेव्हा ती पाजायची, पण डोळे मिटून. हात मात्र अंगाशी आवळून ठेवायची. बाळाला तिने बोटसुद्धा लावलं नाही. विचारलं तर बोलायची नाही. पाचवी झाली, तरी तेच.

गोजराबाई आधी समजुतीने बोलली, मग रागावली. "आगं, देवानं पदरात टाकलंय, आन् तू पाठ फिरवतीस?" हौसाने डोक्यावर पदर ओढून घेतला. गोजराबाईने मनाशी ठरवलं, आधी गोधडी होऊ दे. नवी गोधडी बघितली की पोरीचं मन वळेल. बारसं जवळ येत होतं आणि हौसाच्या सासरहून आलेलं जुनेरांचं गाठोडं तसंच पडलं होतं. त्यातून काही सुचत नव्हतं. म्हणून ती सकाळी पडायची, दुपारी पडायची. दगड गळ्यावर ठेवायची आणि वाट बघायची.

अशाच एका दुपारी ती पडलेली असताना बाळ जागं झालं. आधी कुरकुरलं, मग रडायला लागलं. खोलीत हौसा भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती उठली नाही. ओसरीवर गोजराबाई गळ्यावर दगड घेऊन पडलेली. तीही उठली नाही. उठलं तर दगड पडेल, आणि आत्ताच कुठे डोळ्यांपुढे काहीतरी रंगासारखं हलल्याचा तिला भास झाला होता. उगी, उगी, ती मनातल्या मनात म्हणाली. तुझ्याचसाठी पडलेय गं बाई.

बाळ रडतच राहिलं. रडता रडता त्याचा श्वास अडला आणि घर क्षणभर गप्प झालं.

ती शांतता गोजराबाईने आधी एकदा ऐकली होती.

ती ताडकन उठली. दगड फरशीवर आपटून कुठे गेला ते तिने बघितलं नाही. धावत जाऊन तिने बाळाला उचललं, पाठीवर थोपटलं. बाळाने श्वास घेतला आणि दुप्पट जोराने टाहो फोडला. बाळाला घेऊन गोजराबाई मटकन खाली बसली. ज्या पोरीसाठी गोधडी करायची, ती पोर रडतेय आणि आपण गोधडीसाठी निजून राहिलो, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची फार लाज वाटली.

हौसा उठून बसली होती. भीतीने तिचे डोळे विस्फारले होते, पण हात तसेच आवळलेले. ती सारखा आवंढा गिळत होती. गोजराबाईने तो आवंढा बघितला, आणि इतके दिवस आपल्याला तो कसा दिसला नाही, याचं तिला नवल वाटलं.

बाळ शांत झाल्यावर तिने दगड शोधून काढला. एक टवका उडाला होता. बाळाला घेऊन ती हौसाजवळ येऊन बसली. "पड जरा," ती म्हणाली. "गोधडी न्हाई झाली तरी चालंल. ह्यो आता तुझा."

हौसा पडली. दगड गळ्यावर टेकला आणि घसरला. गोजराबाईने पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तिने दगड ठेवलाच नाही. त्या जागी स्वतःचा हात ठेवला.

तेव्हा हौसा बोलली. "आई, मागल्या बारीला म्या भरली घागर उचलली हुती. तू नगं म्हणाली हुतीस, तरी उचलली. त्यानंच पोर गेली. माझं हात वाईट हाईत. हिला लावलं, तर हिलाबी कायतरी हुईल."

"काय बोलतीस हे!" गोजराबाई ओरडली. "तुझ्या घागरीनं न्हाई, माझ्या सुईनं गेली ती! म्या तिची गोधडी आधीच शिवली हुती."

एकाच मरणाचा अख्खा दोष दोघींनी वेगवेगळा उचलला होता. आणि दोघींना वाटत होतं, की दुसरीला कळलं तर ती आपलं तोंडसुद्धा बघणार नाही. मग आधी कोण रडलं आणि आधी कोणी कुणाला जवळ घेतलं, ते सांगता येणार नाही. मध्ये बाळ चेंगरलं आणि ओरडलं, तेव्हा हौसाचे हात आपसूक पुढे आले. तिने बाळाला उचलून खांद्याशी धरलं. बराच वेळ तशीच धरून बसली.

मग तिने विचारलं, "कसली गोधडी शिवली हुतीस?"

गोजराबाईने पेटी उघडली. तळातून चिमण्यांची गोधडी काढून लेकीच्या मांडीवर ठेवली. हौसाने आपले परकर ओळखले. एकेका चिमणीवरून तिने बोट फिरवलं. फिरवता फिरवता ते उघड्या कोपऱ्यात गेलं.

"हिला घास न्हाई दिला?"

"ज्यानं निजायचं तेच आलं न्हाई, घास कुणासाठी द्यायचा?"

"म्हंजी उपाशीच ऱ्हायली," हौसा म्हणाली.

गोजराबाई त्या गोधडीकडे बघत बसली. मग शेजारच्या गाठोड्याकडे बघत बसली. हौसाला वाटलं, आईला झोप लागली. तेवढ्यात गोजराबाईने कात्री उचलली.

गोधडीच्या पोटात जुनी कापडं घालतात, हे कुणालाही ठाऊक आहे. गोजराबाईने नव्या गोधडीच्या पोटात ती जुनी गोधडी घातली, अख्खी. वरच्या कापडाचं तिने झाड केलं, आणि झाडाला ढोल्या ठेवल्या. ढोलीढोलीतून आतली एकेक चिमणी डोकावत होती. हौसा दोरा ओवून देत होती, मांडीवर बाळ निजलं होतं. निळा दगड पाटाखाली पडला होता. त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

शेवटचा कोपरा राहिला तेव्हा हौसाने चुलीवरची भाकरी आणली आणि तिचे दोन तुकडे केले. "एक ताईचा, एक हिचा," ती म्हणाली. दोन्ही घास गोधडीच्या पोटात गेले आणि गोजराबाईने कोपरा शिवून टाकला.

बारशाला सगळं गाव आलं. फिरत फिरत मणीमाईही आली. बायका गोधडीभोवती जमल्या होत्या. कुणी ढोल्या मोजत होतं, कुणी चिमण्या. हौसाने आपल्या हातांनी बाळाला गोधडीवर निजवलं आणि पाळण्याला झोका दिला.

मणीमाईने गोजराबाईला बाजूला घेऊन विचारलं, "आन् दगड कुठाय?"

"धोंडाईच्या सुनेला दिला," गोजराबाई म्हणाली. "टवका उडालाय त्याचा. आन् नुसता दिला न्हाई, तिच्यापाशी बसून आले."

"मग जाग्यावर हाय," मणीमाई म्हणाली आणि घुगऱ्या घ्यायला पुढे गेली.

तात्पर्य: गळ्यात अडलेलं मोकळं करायला दगडाचा आधार घ्यावा, त्यात लाज नाही, पण तो सांभाळताना घरातलं रडणं ऐकू येईनासं झालं, तर दगड पडू द्यावा आणि आपण उठावं.